आधी सोला, मग बोला

वानखडेबाईंशी बोलायचं असेल तर आधी लसूण सोलावा लागतो.

ही अतिशयोक्ती नाही. वारज्याला आमचं जे छोटं केंद्र आहे, तिथे येणाऱ्या प्रत्येक आईबापाला, मामाला, आत्याला बाई खुर्ची देतात, पाणी देतात आणि समोर एक ताटली ठेवतात. ताटलीत लसणाचे गड्डे. लसूण नसेल तर मटार, आणि मटारचा हंगाम नसेल तर मेथीची जुडी. माणूस बिचारा काय बोलायचं ते घरून पाठ करून आलेला असतो. ‘मॅडम, ॲक्च्युअली आमचा मुलगा खूप ब्राइट होता, पण लॉकडाउननंतर...’ बाई ताटली पुढे सरकवतात.

“आधी सोला, मग बोला.”

एक गृहस्थ खराडीहून आले होते. मोठ्या कंपनीत मोठे मॅनेजर. त्यांनी घड्याळ बघत सांगितलं, “मला चारला कॉल आहे.”

“मग भराभर सोला,” बाई म्हणाल्या.

यामागे बाईंचा एक सिद्धान्त आहे. रिकाम्या हातांचा माणूस भाषण करतो. हात कामात असले की तोंडातून खरं निघतं. मी मानसशास्त्रात दोन पदव्या घेतल्या, त्यात हा सिद्धान्त कुठे भेटला नव्हता. पण त्या गृहस्थांच्या नखांत लसणाची सालं अडकली, बोटं चिकट झाली, आणि ते मान वर न करता म्हणाले, “खरं सांगू का, मला मुलीच्या खोलीत जायची भीती वाटते.” हे वाक्य काढायला मला कितीतरी बैठका लागल्या असत्या. बाईंनी ते एका गड्ड्यात काढलं, आणि वर सोललेला लसूण मुलांच्या जेवणाच्या चटणीत गेला.

वानखडेबाई ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत. मी त्याच केंद्रात समुपदेशक. तेरा ते अठरा वयाची मुलं आमच्याकडे दिवसभर असतात. शाळा सुटलेली, झोप उडालेली, दवाखान्यात राहून आलेली, एका आजाराच्या पाठीवर दुसरा बसलेली. डॉक्टर अशांना ‘कॉम्प्लेक्स केस’ म्हणतात. बाईंसमोर म्हणत नाहीत. एका तरुण डॉक्टरनं एकदा म्हटलं होतं. “केस डोक्यावर असतात,” बाई म्हणाल्या. “ही पोरगी आहे. हिला नाव आहे.”

माझं काम मुलांशी बोलायचं, म्हणून बाईंनी माझं आडनाव बदलून ‘बोलके’ केलंय. “काय बोलके, झालं का बोलून? आता पाठवा तिला, कणीक मळायची आहे.” नव्या आलेल्या दोन-तीन पालकांनी मला फोनवर ‘बोलके सर’ म्हणून नमस्कारही केलाय. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

बाई मूळ अकोल्याच्या. पुण्यात तीस वर्षं काढली, त्यामुळे एरवी पुस्तकासारखं बोलतात. पण राग आला की भाषा गावाकडे निघते. बाईंचा राग पुण्यात सुरू होतो आणि अकोल्यात संपतो. ‘का?’ असं विचारलं तर अजून वेळ आहे असं समजायचं. ‘काहून?’ आलं की आपण उठून पाणी प्यायला जायचं.

राग यायला त्यांना कारणं शोधावी लागत नाहीत, ती चालत घरी येतात. पहिलं कारण म्हणजे त्यांचा व्यवसाय काय हे शहरात कुणालाच माहीत नसणं. लग्नात लोक त्यांना गुडघा दाखवतात. “ती फिजिओ,” बाई म्हणतात, आणि पंगतीतून पान बदलून घेतात. शेजारच्या सोसायटीतले एक आजोबा तर भाच्याचा बायोडेटा घेऊनच आले होते. ऑक्युपेशनल म्हणजे धंदा-नोकरीचं काहीतरी, तेव्हा बँकेत चिकटवता आलं तर बघा. बाईंनी त्यांना मेथी निवडायला बसवलं आणि एकदाच नीट समजावून सांगितलं.

“माणूस सकाळी उठतो, दात घासतो, आंघोळ करतो, चहा करतो, बस पकडतो, लोकांत बसतो, रात्री झोपतो. हे सगळं ज्याचं बिघडतं, त्याला ते परत करायला मदत करणं हे माझं काम. मनाचा आजार आला की आधी हेच जातं. मार्क सगळ्यात शेवटी जातात. पण आईबाप मार्क गेल्यावर येतात.”

आजोबांनी मेथी निवडून दिली आणि विचारलं, “म्हणजे बँकेत ओळख नाही?”

दुसरं कारण म्हणजे काही शब्द. ‘टाइमपास’ हा शब्द केंद्रात चालत नाही. मुलं विणतात, फळीला पॉलिश पेपर घासतात, भाज्या चिरतात; ते पाहून कुणी “छान टाइमपास होतो हो मुलांचा,” म्हटलं की त्या माणसाला बाहेरचा व्हरांडा दाखवला जातो. ‘नाटकं’ हाही शब्द बंद. आणि ‘अटेन्शन’. एका मुलीची मावशी माझ्यासमोर म्हणाली होती, “काही झालेलं नाही हिला, अटेन्शनसाठी करते सगळं.”

बाईंच्या पुढ्यात विळी होती. ती त्यांनी शांतपणे आडवी केली.

“मग द्या न. पोट्टीनं पाणी मागितलं तर देता न तुम्ही? जेवण मागितलं तर देता? लक्ष मागून राहिली तर काहून जीव जाते तुमचा?”

मावशी पाणी प्यायला गेल्या.

ती मुलगी म्हणजे ऋता. नाव अर्थातच बदललेलं. वय सोळा. खराडीचे ते मॅनेजर तिचे बाबा. दहावीच्या वर्षात तिला असे आवाज ऐकू यायला लागले जे घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हते, आणि ते आवाज चांगलं काही सांगत नव्हते. तिनं स्वतःला इजा करून घेतली होती. दोनदा दवाखान्यात राहून झालं. औषधांनी आवाज मंद झाले, पण तीही मंद झाली. मे महिन्यातसुद्धा जर्किन घालून, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून यायची आणि केंद्राच्या जिन्यावरच बसायची. आत यायची नाही.

मी माझ्या परीनं जिन्यावर जाऊन बोलायचा प्रयत्न केला. प्रश्न बदलून पाहिले, आवाज मऊ केला. ती माझ्याकडे पाहायची ते थेट माझ्यामागच्या भिंतीकडे.

मग बाई लोकरीची लड घेऊन तिच्या दोन पायऱ्या खाली जाऊन बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. लडीचा गुंडा करायला घेतला, आणि इतक्या भिकार पद्धतीनं केला की माझ्यासारख्या माणसालाही उठून हात लावावासा वाटला. गुंता व्हायचा, बाई तो दातानं सोडवायच्या, आणखी गुंता व्हायचा. कित्येक दिवस हा प्रकार चालला. केंद्रातल्या लोकरीची पार वाट लागली. शेवटी एका दुपारी टोपीच्या आतून आवाज आला, “असं नाही.”

बाईंनी लड न बोलता तिच्याकडे दिली. आत आल्या आणि संध्याकाळपर्यंत दिसेल त्याच्यावर खेकसत राहिल्या. पाण्याचा माठ कुणी असा ठेवला, पंख्यावर धूळ का, बोलके इथे उभे का. बाई खूश झाल्या की असंच होतं.

ऋता आत आली ती हळूहळू. आधी दारापर्यंत, मग ओट्याशी. जेवण मुलंच करतात आमच्याकडे, त्यामुळे स्वयंपाकघर हीच बाईंची कचेरी. सुऱ्या कुलपात असतात. काम सुरू करताना मोजून बाहेर, संपल्यावर मोजून आत, हा नियम कडक आहे आणि त्याचं कारण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऋताच्या वाट्याला बरेच महिने निवडणं, सोलणं, मळणं अशीच कामं होती.

एका सोमवारी बाई बैठकीत म्हणाल्या, “ऋताला आता सुरी द्यायची वेळ झाली.” डॉक्टरांनी खूप प्रश्न विचारले. तिची झोप, आवाज, औषधं, ती स्वतः काय म्हणते. सगळ्यांची उत्तरं झाल्यावर ते हो म्हणाले. ऋताच्या आईला फोन करायचं काम माझ्याकडे आलं. त्या माउलीनं घरातल्या कात्र्यासुद्धा शेजारी ठेवायला दिल्या होत्या. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “बाई तिथे असतील ना?”

बाई तिथे होत्या. अगदी खांद्याला खांदा लावून. मी दाराशी कारण नसताना उभा होतो. बाईंनी ओट्यावर काकड्या ठेवल्या, दोन सुऱ्या ठेवल्या, एक स्वतः घेतली.

“मला?” ऋतानं विचारलं.

“मग काय मी एकटीच चिरू सगळ्यांची कोशिंबीर? घे. बोटं आत वळव.”

ती नुसती बघत राहिली. बाई चिरत राहिल्या. मग ऋतानं सुरी उचलली. पहिल्या चकत्या जाड पडल्या, मग पातळ होत गेल्या. काकड्या संपल्यावर तिनं सुरी धुतली, पुसली आणि बाईंपुढे धरून म्हणाली, “मोजून घ्या.”

“तूच मोज आणि तूच ठेव,” बाई म्हणाल्या आणि कुलपाची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

त्या दिवशीच्या कोशिंबिरीत मीठ दोनदा पडलं होतं. सगळ्यांनी निमूट खाल्ली.

पुढे बाईंनी तिला बसनं फिरायला शिकवलं. आधी बरोबर बसून, मग चार सीट मागे बसून, मग पुढच्या थांब्यावर उभं राहून. कसबा पेठेत तांबट आळीपर्यंत त्या तिला घेऊन जायच्या. तिथे तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज इतका असतो की आपल्याला आपलंच बोलणं ऐकू येत नाही. मला वाटलं, आवाजांनी त्रासलेल्या मुलीला तिथे नेणं म्हणजे कमालच झाली. ऋता एका दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. परत येताना म्हणाली, “इथे बाकीचं ऐकू येत नाही. आणि हा आवाज सगळ्यांना येतो.” मी ते वाक्य ऐकून भारावलो आणि त्यावर बोलायला लागलो. बाईंनी कोपरानं ढोसलं. “ऐकलं न? झालं. आता उसाचा रस पाजा सगळ्यांना.”

पुढच्या वर्षी मे संपता संपता ऋता म्हणाली, तिला शाळेत परत जायचंय. दहावी राहिली होती.

शाळेचं नाव सांगत नाही. चांगली, नावाजलेली शाळा. जूनमध्ये आम्ही भेटीची वेळ घेतली आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन बसलो. मी, बाई आणि ऋताचे बाबा. मुख्याध्यापिकांशेजारी संस्थेचे एक विश्वस्त बसले होते.

बाईंनी फार सोपं मागणं मागितलं. पहिले काही दिवस ती नुसती वाचनालयात येऊन बसेल. मग एक तास वर्गात, मग दोन. घाबरल्यासारखं झालं तर जाऊन बसायला एक शांत जागा. आणि शिक्षकांनी वर्गात उभं करून ‘इतके दिवस कुठे होतीस’ एवढं विचारू नये. हे सगळं बाईंनी पुण्याच्या भाषेत सांगितलं.

मुख्याध्यापिका सज्जनपणे हसल्या. “आम्हाला तिच्याबद्दल सहानुभूतीच आहे. पण बाकीच्या पालकांना आम्ही काय सांगायचं?”

“तुमच्या शाळेत पाय मोडलेला मुलगा येतो तेव्हा काय सांगता?”

“ते वेगळं आहे हो.”

“काहून वेगळं?”

मी पाण्याचा ग्लास शोधायला लागलो.

“फाटकाशी तुम्ही रॅम्प बांधलाय,” बाई म्हणाल्या. “चांगला आहे. त्याचा फोटोबी लावला आहे भिंतीवर, उद्घाटनाचा. मले तसाच एक रॅम्प पाहिजे या पोट्टीसाठी. सिमेंट लागत नाही, वाळू लागत नाही. नारळबी फोडू नका.”

विश्वस्तांनी घसा साफ केला. “मॅडम, आपण भावनेच्या भरात बोलताय. शंभर टक्के निकालाची आमची परंपरा आहे. मुलीच्याच हिताचं म्हणून सुचवतो, सतरा नंबरचा फॉर्म भरा. घरी बसून अभ्यास करू दे, बाहेरून परीक्षा देऊ दे. तिलाही ताण नको.”

“घरी बसूनच तर आजारी झाली ती,” बाई म्हणाल्या. “तुम्ही एकदा तिले भेटाल का? बाहेर बाकावर बसून आहे. तिची ती बसनं आली आज. वारज्यावरून.”

“आता असेंब्लीची वेळ झाली,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

कुणी तिला भेटलं नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती रॅम्पच्या कठड्याला टेकून उभी होती आणि आमचे चेहरे पाहून तिला सगळं कळलं. तिचे बाबा म्हणाले, “जाऊ द्या हो बाई. भरू सतरा नंबर.” मला वाटलं, आता बाई त्यांच्यावर तुटून पडतील. त्या ऋताकडे वळल्या.

“तुझं काय म्हणणं?”

ऋता कठड्यापासून बाजूला झाली. मग म्हणाली, “मला या शाळेत यायचंच नाही आता. पण अभ्यास घरी नाही करणार. केंद्रात करीन.”

ती खोली मला आजही आठवते. कुणी वाईट बोललं नव्हतं. आवाज चढवला नव्हता. आम्हाला चहासुद्धा विचारला होता. एका मुलीला तिच्याच शाळेतून इतक्या सभ्यपणे बाहेर काढता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. पोरीला पडशाचा ताप असता तर तिच्या वर्गानं ‘गेट वेल सून’चं कार्ड पाठवलं असतं. डोक्याचा ताप म्हटल्यावर वर्गाच्या ग्रुपमधून नंबर काढला जातो. तोही काढला होता.

बाईंनी मग केंद्रातच परीक्षा मांडली. कारण अभ्यास ऋताला जमत होता. बाकावर तीन तास बसणं जमत नव्हतं. गोळ्यांनी हात थरथरायचा, मागे कुणी चाललं की ती दचकायची. बाईंनी कुठूनतरी शाळेचे जुने बाक आणले. आधी वीस मिनिटं, मग अर्धा तास. स्वतः पर्यवेक्षक झाल्या. मागून मुद्दाम चपला वाजवत फिरायच्या, मधेच घंटा द्यायच्या, पुरवण्या वाटायच्या. एकदा त्यांनी मलाच कॉपी करताना पकडल्याचं सोंग करून माझा पेपर हिसकावून घेतला आणि दंडाला धरून व्हरांड्यात नेलं. तेव्हा ऋता हसली. तोवर ती हसू शकते हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या आईला संध्याकाळी सांगितलं तर त्यांनी विचारलं, “म्हणजे कशी हसली? आवाज करून?”

मार्चमध्ये खऱ्या परीक्षेच्या केंद्रावर बाई गेल्या नाहीत. “मी फाटकाशी उभी राहिले तर ती माझ्या जिवावर पेपर देईल,” म्हणाल्या. आणि पेपरच्या वेळात आमच्या स्वयंपाकघरातला डब्यान् डबा घासला.

सिनेमात होतं तसं काही झालं नाही. गणिताच्या दुसऱ्या पेपरला ऋता अर्ध्यातून उठून आली. विषय राहिला. मधे दहा-बारा दिवस फार वाईट गेले, पुन्हा डॉक्टर, पुन्हा गोळ्या बदलणं, पुन्हा जिन्यावर बसणं. बाई पुन्हा दोन पायऱ्या खाली जाऊन बसल्या. जुलैच्या परीक्षेत तो विषय सुटला. अकरावीला प्रवेश मिळाला, अशा कॉलेजात जिथे तिला आधीपासून ओळखणारं कुणी नव्हतं. ते तिनंच निवडलं होतं, म्हणजे कॉलेज आणि ते अनोळखीपण, दोन्ही.

शेवटच्या दिवशी तिचे आईबाबा पेढे घेऊन आले. आई बाईंच्या पाया पडायला वाकल्या तर बाई झटकन मागे सरल्या, जशी काही पाल पडली. ऋता समोर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

“डॉक्टरांकडे महिन्याच्या महिन्याला जायचं,” बाई म्हणाल्या. “गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. वाईट वाटायला लागलं तर लगेच सांगायचं, आईला किंवा डॉक्टरांना किंवा या बोलक्यांना. आणि उगाच भेटायला म्हणून इकडे येत बसायचं नाही. तुला आता कामं आहेत.”

असा निरोप मी कुणाला देताना पाहिलेला नाही. मला त्यांचा राग आला. पोर वळून वळून बघत गेली, आणि या आत जाऊन पेढ्यांचे तुकडे मोजून पोरांना वाटत होत्या.

ऑक्टोबरात त्याच शाळेतून आमंत्रण आलं. मानसिक आरोग्य सप्ताह साजरा होणार होता. घोषवाक्य स्पर्धा, भित्तिचित्र स्पर्धा, आणि उद्घाटनाला तज्ज्ञ म्हणून वानखडे मॅडम. बहुधा आमंत्रणं काढणाऱ्याला गेल्या वर्षीच्या जूनमधली भेट ठाऊक नसावी. मी म्हटलं, “जाऊ नका.” बाई म्हणाल्या, “काहून नको? बोलावलं आहे मानानं.”

मीही गेलो. व्यासपीठावर तेच विश्वस्त, त्याच मुख्याध्यापिका. मागे मोठ्या अक्षरांत ‘चला, बोलू या’. शाल झाली, श्रीफळ झालं. बाई माइकशी गेल्या.

“तुमच्या शाळेत एक मुलगी होती,” त्या म्हणाल्या. “ती आता नाही.”

एका शिक्षिकेनं तोंडाला पदर लावला.

“घाबरू नका. ती चांगली आहे. फक्त तुमच्याकडे नाही, एवढंच.” मग त्या मुलांकडे वळल्या. “पोरांनो, तुमच्या वर्गातलं कुणी बरेच दिवस आलं नाही तर त्याला एक मेसेज करा. ‘काय झालं’ विचारू नका. आज डब्यात काय होतं ते सांगा. पुरे. भित्तिचित्रं छान काढली आहेत.”

आणि येऊन बसल्या. एवढंच भाषण. आभार मानणाऱ्या सरांनी ते ‘मोलाचं मार्गदर्शन’ असल्याचं सांगितलं, कारण त्यांच्या कागदावर तसं आधीच लिहिलेलं होतं.

या गोष्टीला काही महिने झाले असतील. केंद्रासाठी बटणं आणि दोरे घ्यायला बाई आणि मी तुळशीबागेत गेलो होतो. संध्याकाळची गर्दी. बाई एका फेरीवाल्याशी दोऱ्याच्या पक्केपणावरून भांडत होत्या आणि मी पिशव्या धरून इकडेतिकडे बघत होतो, तेवढ्यात समोरून कॉलेजच्या मुलींचं एक टोळकं आलं. त्यात ऋता. मला ओळखायलाच वेळ लागला. जर्किन नव्हतं. हातात भाजलेलं कणीस होतं आणि ती कुणाची तरी नक्कल करत होती.

मी हात वर करणार, तोच बाईंनी माझी बाही खसकन ओढली आणि स्वतः गर्रकन वळून एका भांड्यांच्या दुकानाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. चहाची गाळणी उचलली आणि ती उजेडाकडे धरून पाहत बसल्या. मुली हसत खिदळत आमच्या पाठीमागून गेल्या. बाईंच्या पदराला एकीची पिशवी घासून गेली. त्या हलल्या नाहीत.

“बाई, ऋता होती,” मी म्हणालो.

“माहीत आहे. तिचा आवाज ओळखते मी.”

“मग वळलात काय अशा?”

बाईंनी गाळणी उलटी करून पाहिली. “बरोबरच्या पोरींनी विचारलं असतं, या कोण गं? तिनं काय सांगायचं? मावशी? क्लासच्या बाई? एवढ्या कष्टानं नवीन ओळखी केल्या पोरीनं, तिला भर बाजारात खोटं बोलायला काहून लावायचं?”

“ती आपणहून आली असती तर?”

“आली तर बोलते न मी. आपण नाही जायचं.”

“सगळ्यांशी असंच करता?”

“सगळ्यांशी.”

या बाईनं तीस वर्षांत किती मुलांना परत केस विंचरायला, चहा करायला, रस्ता ओलांडायला शिकवलं असेल. आज ती मुलं याच शहरात हिंडताहेत, नोकऱ्या करताहेत, काहींची लग्नं झाली असतील. आणि ही बाई रस्त्यानं जाताना कुठल्यातरी दुकानाकडे तोंड करून उभी राहते. कर्वेनगरला दोन खोल्यांत एकटी राहते. सणावाराला तिच्याकडे कोण येत असेल, हा विचार मला त्याआधी कधी आला नव्हता.

“बोलके,” बाई म्हणाल्या. आवाज निराळाच होता. “मी पाठ केली होती. तुम्ही पाहिलं न तिला?”

“पाहिलं की.”

“कडेनं चालत होती की मधे?”

“मधे.”

“नक्की? मागं पडून तर नव्हती चालत?”

“नाही बाई. दोघी अलीकडे, दोघी पलीकडे. ही मधे. आणि बाकीच्या तिचंच ऐकत होत्या.”

त्यांनी गाळणी जागेवर ठेवली. दुकानदार काही विचारत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. आम्ही गर्दीतून वाट काढत बसथांब्यावर आलो. बस यायला उशीर होता. बाई रांगेत माझ्या पुढे उभ्या होत्या. थोड्या वेळानं मान न वळवता त्यांनी विचारलं,

“मधेच होती न?”

“मधेच होती.”

“हाव,” त्या म्हणाल्या. अकोल्याचं ‘हो’ होतं ते.

बस आली ती भरून. कुणीतरी रांग मोडून पुढे घुसलं, एकानं बाईंच्या पायावर पाय दिला. बाई आत जाऊन दांडीला धरून उभ्या राहिल्या, आणि डेक्कन येईपर्यंत कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत.